देवी गेल्या, गोवर मात्र दारातच आहे

साठी ओलांडलेल्या माणसाच्या हातावर बहुधा एखादा गोल, खोलगट वण दिसतो. तो 'देवी काढल्या'चा. त्याच्या मुलांच्या दंडावरचा वण असतो तो बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लशीचा. देवीची लस या मुलांना लागलीच नाही, कारण 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. हे यश मोठे खरे, पण त्याबरोबर रोगाची आठवणही पुसली गेली, आणि ही विस्मृती आता महागात पडू लागली आहे.

देवीचा विषाणू श्वासावाटे शरीरात शिरे. पुढचे दहा ते चौदा दिवस काहीच जाणवत नसे. या काळात तो लसिका ग्रंथींमध्ये, मग प्लीहा आणि अस्थिमज्जेत वाढत राही. मग एकाएकी कडक ताप, डोकेदुखी आणि असह्य पाठदुखी सुरू होऊन रुग्ण अंथरुणाला खिळे. दोन-चार दिवसांनी जिभेवर आणि तोंडात लाल ठिपके येत. ते फुटले की लाळेत विषाणू उतरे आणि जवळच्या माणसांना लागण होई. त्यानंतर चेहरा, हात, पाय, अगदी तळहात-तळपायांवरही पुरळ उठे. त्याचे कातडीत वाटाणा रुतल्यासारखे टणक, पू भरलेले फोड होत. कांजिण्यांत फोड छातीपोटावर अधिक असतात आणि नवे-जुने एकाच वेळी दिसतात. देवीत एका भागावरचे सगळे फोड एकाच अवस्थेत असत.

माणूस दगावे तो केवळ फोडांमुळे नव्हे. रक्तातून सर्वत्र पसरलेला विषाणू आणि त्याच्याशी झुंजताना बेभान झालेली प्रतिकारशक्ती यांच्या कचाट्यात रक्तदाब खालावे आणि एकेक अवयव निकामी होई. लस न घेतलेल्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे तीस जण दगावत, तेही बहुधा दुसऱ्या आठवड्यात. रक्तस्रावी प्रकारात तर जवळपास कोणीच वाचत नसे. वाचलेल्यांच्या चेहऱ्यावर खड्डे राहत आणि बुबुळावर व्रण झाल्याने कित्येकांची दृष्टी जाई. त्या काळी विषाणूवर खात्रीचे औषध नव्हते. हाती होती ती फक्त लस.

1974 मध्ये बिहारमध्ये देवीने थैमान घातले. मात्र मे 1975 नंतर भारतात एकही रुग्ण सापडला नाही. घरोघरी जाऊन रुग्ण शोधायचा आणि त्याच्या संपर्कातल्या प्रत्येकाला टोचायचे, या मोहिमेचे हे फळ. यात रोगाची स्वतःची दुबळी बाजूही कामी आली. तो फक्त माणसांना होई, प्राण्यांत दडून राहत नसे. रुग्ण चेहऱ्यावरूनच ओळखता येई आणि ताप येण्याआधी तो सहसा रोग पसरवत नसे. संसर्गानंतर तीन-चार दिवसांत दिलेली लसही बहुधा जीव वाचवी.

गोवराने अशी सवलत दिलेली नाही. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरतो, त्यामुळे रुग्ण शोधून भोवती कडे करायचे म्हटले तर उशीर झालेला असतो. त्याला रोखायचे तर समाजातल्या सुमारे 95 टक्के मुलांना लशीच्या दोन्ही मात्रा मिळायला हव्यात. मुंबईत 2022 च्या अखेरीस गोवंडी आणि परिसरात गोवराने बालकांचे बळी घेतले. त्याच वेळी पुरेसा इशारा मिळाला होता.

तरीही अंगावर पुरळ उठले की 'देवी आल्या' म्हणत मुलाला घरात ठेवून कडुलिंबाचा पाला बांधणारी घरे आजही आहेत. श्रद्धेची टिंगल करून यात काही साधणार नाही. पाला दाराला खुशाल बांधावा, पण मूल त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. गोवराने न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते आणि आधी कमावलेली प्रतिकारशक्तीही काही अंशी पुसली जाते.

गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांत, सरकारी केंद्रात मोफत मिळते. दुसऱ्या मात्रेचा कंटाळा नेमका घातक ठरतो. आजी-आजोबांनी हातावरचा तो वण नातवंडांना दाखवावा, त्यामागची गोष्ट सांगावी आणि मग लसीकरणाचे कार्ड काढून दुसऱ्या मात्रेची तारीख तपासावी.