खरी इंग्रजी लंडनची?

इंग्रजी उच्चारांचा विषय निघाला की मराठी घरांत आणि शाळांत एक मत हमखास मांडले जाते. इंग्रजी इंग्रजांची, म्हणून लंडनचा उच्चार मूळ आणि शुद्ध. अमेरिकेने तो बिघडवला. मालिका पाहून मुलगा 'वॉटर'मधला 'ट' मऊ करू लागला की याच मताच्या आधारे त्याला टोकले जाते. हे मत जुने आहे, पण इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही.

पहिला पुरावा 'र'चा. 'कार', 'हार्ड', 'फादर' या शब्दांतला 'र' बहुतेक अमेरिकन स्पष्ट उच्चारतात. लंडनचा सुशिक्षित माणूस तो गाळतो. यातली जुनी रीत कोणती? १६०७ साली व्हर्जिनियात जेम्सटाउनची वसाहत उभी राहिली, तेव्हा खुद्द इंग्लंडमध्ये हा 'र' सर्रास ऐकू येत होता. तो गळत गेला मुख्यतः अठराव्या शतकात आणि तोही आग्नेय इंग्लंडमध्ये. जॉन वॉकर यांच्या १७९१ सालच्या उच्चारकोशात लंडनचा 'र' मवाळ झाल्याची आणि कधीकधी पुरता लोपल्याची नोंद आहे. या बाबतीत मूळ उच्चार सोडला तो लंडनने.

'बाथ', 'ग्लास', 'फास्ट' यांतल्या दीर्घ 'आ'चीही हीच कथा आहे. आज तो खानदानी ब्रिटिश उच्चाराची खूण मानला जातो आणि मराठीने 'ग्लास', 'पास', 'क्लास' हे शब्द याच दीर्घ स्वरासह उचलले. पण याच वॉकर यांना असा लांबवलेला स्वर जवळजवळ गावंढळ वाटत होता. मँचेस्टर आणि लीड्समध्ये सामान्य माणूस 'बाथ' आजही ऱ्हस्व स्वराने म्हणतो. इंग्लंडच्या उत्तरेत आणि अमेरिकेत टिकला तो जुना ऱ्हस्व स्वर. लंडनने स्वीकारला तो नवा. 'हर्ब'मधला 'ह' अमेरिकन गाळतात म्हणून त्यांना हसणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की जुन्या इंग्लंडमध्येही तो उच्चारला जात नव्हता. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी लिखाणाकडे पाहून तो म्हणायला सुरुवात केली.

शिवाय 'ब्रिटिश उच्चार' म्हणजे नेमका कोणाचा? स्कॉटलंड ब्रिटनमध्येच आहे आणि तिथला 'र' खणखणीत आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन, सॉमरसेटच्या जुन्या बोलीतही तो आहे. आदर्श म्हणून जो उच्चार दाखवला जातो, तो एका छोट्या वर्गाचा. डॅनियल जोन्स यांनी १९१७ सालच्या आपल्या उच्चारकोशात त्याचे वर्णन केले, तेव्हा त्यांनी त्याला पब्लिक स्कूलचा, म्हणजे श्रीमंतांच्या निवासी शाळांचा उच्चार म्हटले होते. 'रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन' हे नाव त्यांनी नंतरच्या एका आवृत्तीत, १९२६ साली वापरले. त्याच वर्षी बीबीसीने निवेदकांच्या उच्चारांसाठी सल्लागार समिती नेमली आणि या वर्गाचा उच्चार रेडिओवरून घरोघर पोहोचला. १९४१ साली बीबीसीचे निवेदक विल्फ्रेड पिकल्स यांनी यॉर्कशायरच्या ढबीत बातम्या वाचल्या, तेव्हा श्रोत्यांनी तक्रारी केल्या. तक्रार करणाऱ्यांना बातमी समजली नव्हती असे नाही. यॉर्कशायरचा आवाज त्यांना अधिकाराचा वाटत नव्हता. 'पानी' म्हणणाऱ्या माणसाकडे 'पाणी' म्हणणारा कोणत्या नजरेने पाहतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातला अन्याय वेगळा समजावून सांगायला नको.

मग अमेरिकन उच्चारच खरा, शेक्सपिअरही तसाच बोलत असे, असे दुसरे टोक काही जण गाठतात. तेही खोटे. 'रायटर' आणि 'रायडर' जवळजवळ एकसारखे ऐकू येतील इतका 'ट' मऊ करणे ही अमेरिकेतली नवी सवय आहे. 'न्यूज'चे 'नूज' करणे आणि 'कॉट'मधला गोल 'ऑ' सपाट 'आ'कडे नेणे हेही नंतरचेच बदल. या ठिकाणी जुने सांभाळले ते ब्रिटिशांनी. थोडक्यात, दोन्ही देशांनी काही राखले आणि काही टाकले.

प्रतिष्ठा ध्वनीत नसते, ती समाज देतो, याचा सर्वांत सुंदर पुरावा न्यूयॉर्कमध्ये मिळतो. एके काळी तिथल्या वरच्या वर्गातही 'र' गाळण्याची रीत होती. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या भाषणांच्या ध्वनिमुद्रणांत ती ऐकता येते. दुसऱ्या महायुद्धानंतर हवा पालटली. १९६२ साली भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबोव्ह यांनी शहरातल्या तीन दुकानांत विक्रेत्यांकडून 'फोर्थ फ्लोअर' हे शब्द वदवून घेतले. सर्वांत महागड्या दुकानात 'र' सर्वांत जास्त उच्चारला गेला, स्वस्त दुकानात सर्वांत कमी. लंडनमध्ये जो 'र' गाळल्याने मान मिळतो, तो न्यूयॉर्कमध्ये उच्चारल्याने मिळतो.

यावर विचारले जाते, मग वर्गात काहीही चालवून घ्यायचे का? मुळीच नाही. कसोटी हवीच, पण ती आकलनाची. भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० सालच्या आपल्या ग्रंथात वेगवेगळ्या मातृभाषांच्या लोकांना परस्परांचे इंग्रजी समजण्यासाठी काय आवश्यक आहे, याची यादी दिली. त्यांनी 'र' अमेरिकन पद्धतीने उच्चारावा असे सुचवले आणि दोन स्वरांमधला 'ट' ब्रिटिश पद्धतीने. मराठी माणूस या दोन्ही गोष्टी मुळातच करतो, त्यामुळे त्यांची लाज वाटण्याचे कारण नाही.

मेहनत हवी ती दुसरीकडे. मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सैल आहे, म्हणून 'शिप' आणि 'शीप' एक होतात. 'पिन'चा 'प' इंग्रज आणि अमेरिकन दोघेही श्वास सोडून म्हणतात; मराठी तोंडचा कोरडा 'प' त्यांना 'बिन'सारखा ऐकू येऊ शकतो. मराठीत एकच 'व' असल्याने 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' यांतला फरक पुसला जातो. 'फोटोग्राफ'मध्ये आघात पहिल्या अक्षरावर आणि 'फोटोग्राफर'मध्ये दुसऱ्यावर येतो, हे वर्गात क्वचितच शिकवले जाते. या चारही बाबतींत लंडन आणि न्यूयॉर्क यांचे एकमत आहे.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना कळकळीची विनंती आहे. 'शेड्यूल' म्हणावे की 'स्केजूल' यावरून मुलांना खजील करू नका. चांगल्या कोशांत दोन्ही उच्चार दिलेले असतात. तो वेळ ऱ्हस्व-दीर्घ स्वर, श्वास आणि आघात यांच्या सरावाला द्या.