आधी बाळाची मान बघा

तीन महिन्यांच्या बाळाचं डोकं मागून एका बाजूला चपटं दिसू लागलं की परतूरसारख्या गावात घरात दोन पक्ष पडतात. आजी आणि न्हाऊ घालणारी मावशी म्हणतात, टाळू भरताना डोकं नीट दाबलं नाही, मोहरीची उशी दिली नाही, त्याचं हे फळ. शहरात नोकरीला असलेला काका मोबाइलवर फोटो पाठवतो: असं हेल्मेट मिळतं, लगेच बसवा, नाहीतर डोकं जन्मभर वाकडं राहील, मेंदूवर दाब येईल. दोघेही मायेपोटी बोलतात. पण बाळाची मान दोन्हीकडे सारखी वळते का, हे दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नसतं.

दाबण्याचं आधी बघू. बाळंतपणात कवटीची हाडं एकमेकांवर सरकतात, म्हणून नवजात बाळाचं डोकं लांबट दिसतं आणि थोड्याच दिवसांत आपोआप सावरतं. मावशीच्या हाताला आलेलं यश बहुतेक वेळा एवढंच असतं. पुढे आकार देतो तो आतून वाढणारा मेंदू. जन्मताना ३४-३५ सेंटीमीटर असलेला डोक्याचा घेर वर्षभरात ४६ च्या आसपास जातो, आणि यातली बरीचशी वाढ पहिल्या सहा महिन्यांतली. जी बाजू सतत अंथरुणाला टेकलेली, तिकडे ही वाढ अडते. मोहरीच्या उशीत खळगा पडतो, डोकं त्यात रुतून बसतं आणि मान वळायला जागाच उरत नाही. शिवाय झोपेत नाक-तोंड दबण्याची भीती. डोकं गोल करण्यासाठी विकल्या जाणाऱ्या उशा वापरू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२ मध्ये दिला. टाळूला हलक्या हातानं तेल लावायला माझा विरोध नाही. दाबायला आहे, आणि तो ठाम आहे.

कुणी म्हणेल, मग पालथंच झोपवू. ते तर मुळीच नको. बाळाला पालथं झोपवू नका, हा सल्ला अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं १९९२ मध्ये दिला आणि झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण तिथं दहा वर्षांत सुमारे निम्म्यावर आलं. चपट्या डोक्यांची संख्या त्यानंतर वाढली, हे खरं. पण चपटेपणा भरून निघतो, गेलेला जीव परत येत नाही.

आता हेल्मेट. नेदरलँड्समध्ये पाच-सहा महिन्यांच्या ८४ बाळांवर झालेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. डोकं मध्यम ते बरंच चपटं असलेल्या या बाळांपैकी निम्म्यांना सहा महिने, दिवसाचे २३ तास हेल्मेट दिलं. बाकीच्यांना काहीच नाही. दोन वर्षांची झाल्यावर डोकं पूर्ण सुधारलेली मुलं पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात २३ टक्के. म्हणजे जवळपास सारखीच. हेल्मेटच्या गटातल्या बहुतेक बाळांच्या कातडीला त्रास झाला. या चाचणीत हेल्मेट नीट बसत नव्हती, असा आक्षेप घेतला गेला आणि त्यात तथ्य आहे. अमेरिकी मेंदूशल्यचिकित्सकांच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी हेल्मेटला मान्यताही दिली आहे. पण कुणासाठी? कूस बदलून आणि व्यायाम करूनही ज्यांचं डोकं बरंच वाकडं राहिलं त्यांच्यासाठी, किंवा फार उशिरा दाखवायला आलेल्यांसाठी. मेंदूवर दाबाची भीती तर निराधार आहे. अशा काही मुलांची वाढ किंचित मागे असल्याचं अभ्यासांत दिसतं, पण चपटेपणामुळे ती मागे पडली, हे सिद्ध झालेलं नाही. कदाचित हालचाल कमी असलेलं बाळच एका बाजूला पडून राहत असेल. आणि परतूरच्या एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीपार असताना, तान्ह्याच्या डोक्यावर २३ तास हेल्मेट? काही आठवड्यांनी ते बेतून घ्यायला पुन्हा मोठं शहर गाठायचं. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या आईला ते कसं जमावं?

करायचं आहे ते बिनखर्चाचं आहे. बाळ एकाच बाजूला बघतं का, दुसरीकडे मान वळवताना रडतं का, हे बघा. मानेचा स्नायू आखडलेला असेल तर लवकर सुरू केलेल्या व्यायामानं बहुतेक बाळांची मान मोकळी होते. पाळण्यात डोक्याची दिशा आलटूनपालटून ठेवा, दूध पाजताना आणि कडेवर घेताना बाजू बदला. बाळ जागं असताना, कुणीतरी समोर बसून, दिवसातून अनेकदा थोडा वेळ पोटावर ठेवा. मान धरली, बाळ पालथं पडू लागलं की चपटेपणा हळूहळू कमी होतो.

मात्र एका आजारात वाट पाहणं घातक आहे. सुमारे दोन ते अडीच हजार बाळांत एकाच्या कवटीची शिवण अकाली जुळते. शिवणीवर हाडाचा उंचवटा हाताला लागतो, जन्मापासूनचा वेडावाकडा आकार वाढतच जातो. यावर उपाय शस्त्रक्रिया. दुर्बिणीनं ती करायची तर पहिले तीन-चार महिने महत्त्वाचे, आणि त्यानंतर हेल्मेट खरोखर लागतं. हेल्मेटची निर्विवाद जागा ही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत मुलं तपासतात, पण कार्यक्रम आखताना ठरलेल्या नऊ जन्मदोषांत हा आजार नाही. तो घालायला हवा.

आशाताईंच्या सुरुवातीच्या गृहभेटी ४२ व्या दिवशी संपतात आणि चपटेपणा ठळक होतो तो त्यानंतर. पण अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या डोसाला बाळ केंद्रावर येतंच. तेव्हा सिस्टरनं डोकं वरून पाहावं, मान दोन्हीकडे वळवावी, टेपनं घेर मोजून कार्डावर लिहावा. दोन मिनिटांचं काम आहे. परतूरच्या आयांनो, तुम्हीच ते मागा: लस टोचण्याआधी सिस्टरला सांगा, बाळाची मान आणि डोकं बघून द्या.