गुणपत्रिकेमागचें मूल

दहावीचें वर्ष लागलें कीं आमच्या सुशिक्षित घरांतून एक विलक्षण व्रत सुरू होतें. मुलाचें मैदान बंद, मुलीचें गाणें बंद, पाहुण्यांचें येणें बंद. आणि शिकवणीहून थकून आलेल्या त्या जिवास विचारण्याजोगा प्रश्न एकच उरतो: ‘चाचणींत किती पडले?’ आईबाप मुलासाठीं एवढा त्याग करितात खरा. पण आपलें भय बोलून दाखविण्यास त्या मुलाला घरांत जागा उरत नाहीं, हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केली. त्यांत सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्राची, १,७६४ होती. यांतील प्रत्येक मृत्यूचें खापर परीक्षेवर फोडणें न्यायाचें नव्हे. अशा घटनेस एकच एक कारण क्वचितच असतें. परंतु संकटांत सांपडलेलें मूल घरीं व शाळेंत बोलूं कां शकत नाहीं, या प्रश्नाचें उत्तर आपणांसच दिलें पाहिजे.

यावर ठराविक उत्तर येतें: ‘आम्हीही छड्या खाल्ल्या, आमचें काय बिघडलें?’ या युक्तिवादांत एक मोठी लबाडी आहे. ज्यांचें बिघडलें ते साक्ष द्यायला दिवाणखान्यांत येत नाहींत. तेथें तरले तेवढेच बोलतात. दुसरे म्हणतात, ‘जागा थोड्या, स्पर्धा खरी.’ स्पर्धा खरी आहे, हें आम्हांस मान्य आहे. म्हणूनच जागा न मिळाली तरी घरांतली आपली जागा जाणार नाहीं, ही खात्री मुलास आधींपासून हवी. शिवाय झोप आणि खेळ हिरावून घेतलेल्या मेंदूकडून अभ्यास तरी कोणता होणार?

आतां शाळांकडे वळूं. शिक्षणहक्काच्या २००९ सालच्या कायद्यानें शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली. सर्वोच्च न्यायालयानें २५ जुलै २०२५ रोजीं, शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेनें निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, आणि गुणांवरून तुकड्या पाडूं नयेत, चारचौघांत अपमान करूं नये, असें सांगितलें. पण दारावर समुपदेशकाची पाटी लावून त्यालाच रिकाम्या तासांवर पाठविणें, मुलानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलींत चघळणें, आणि ‘अ’ तुकडी हुशारांची व ‘ड’ तुकडी ढब्बूंची हें वर्गीकरण तसेंच चालू ठेवणें, याला आम्ही आज्ञापालन म्हणत नाहीं; ही निव्वळ धूळफेक होय. आठवड्यांतून एकदां भेटणारा समुपदेशक रोजच्या पाणउताऱ्याची भरपाई कशी करणार?

परंतु शाळेला बोल लावून पालकांना सुटतां येणार नाहीं. मुलाला ताप चढला तर आपण मध्यरात्रीं डॉक्टरांचें दार ठोठावतों. तेंच मूल दोन दोन आठवडे नीट जेवत नाहीं, झोपत नाहीं, मित्रांना टाळतें, तेव्हां मात्र ‘आळस आहे’ म्हणून स्वस्थ बसतों. मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्याची गोष्ट निघाली तर ‘पुढें लग्नाच्या वेळीं बोभाटा होईल’ ही धास्ती! न जुळलेल्या सोयरिकीची चिंता आधीं आणि हातच्या लेकराची मागाहून, ही कोणती प्रतिष्ठा? ‘जगणें नकोसें वाटतें का?’ असें मुलास स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत पेरला जात नाहीं, असा तज्ज्ञांचा निर्वाळा आहे. उलट कोंडलेल्यास वाट मिळते. उत्तर होकारार्थी आलें तर मुलास एकटें सोडूं नये आणि तत्काळ वैद्यकीय साहाय्य घ्यावें. सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनिसेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मोफत चालू आहे. तो क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर हवा.

पुढल्या पालकसभेंत टक्केवारीची चौकशी करण्यापूर्वीं वाचकांनीं मुख्याध्यापकांना विचारावें, समुपदेशक आठवड्यांतून किती तास बसतो, आणि मुलें त्याच्याकडे आपण होऊन जातात का? आणि घरीं परतल्यावर मुलाला चाचणीचे गुण विचारूं नयेत. त्याच्याजवळ बसावें, आणि तें बोलूं लागलें तर मध्येंच उपदेश न करितां शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.