ठराव सर्वानुमते मंजूर!

दिवाळीच्या दिवसांत माणसाने भांडू नये, असे आमची आई म्हणत असे. फराळाचे ताट समोर असताना कटू विषय काढला की अनारसेसुद्धा तुपात विरघळतात, असा तिचा पक्का समज. तरीही आज मी भांडणाचाच विषय घेऊन बसलो आहे. आणि त्याला कारण दिवाळीच आहे. नेमके सांगायचे तर भाऊबीज आहे.

२०१६ साली भाऊबीज १ नोव्हेंबरला, मंगळवारी आली होती. धाकट्या बहिणीने ओवाळले. मी ताटात पाचशेची कोरी नोट टाकली. खाजगी शाळेतल्या मास्तराला पाचशेची ओवाळणी म्हणजे थोडी ऐटच. पण ती त्या वर्षी मी केली. बहिणीने ती नोट घडी न करता तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवली. पुढच्या मंगळवारी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी दूरदर्शनवरून सांगितले की, मध्यरात्रीपासून पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा चलनात राहणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला : "दादा, तुझी ओवाळणी बाद झाली की रे!"

ती हसत होती. मीही हसलो. पुढे एका बँकेच्या दारात दोन दिवस रांगेत उभा राहिलो आणि ती नोट बदलून आणली. त्या दोन दिवसांचा पगार कापला गेला तेव्हा हसू थांबले. पण नोट बदलून मिळाली, हे कबूल केले पाहिजे. मला आज त्या रांगेचे रडगाणे गायचे नाही. नोटबंदी चांगली की वाईट, याचा वादही गेली कित्येक वर्षे चालला आहे, आणि तो करायला माझ्याहून शहाणी माणसे आहेत. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. दोन कादंबऱ्या लिहिल्या आणि ताडकळसच्या पोरांना बाराखडी शिकवली, एवढीच माझी पुंजी. माझे भांडण एका लहानशा गोष्टीशी आहे. ती गोष्ट म्हणजे बैठकीचे इतिवृत्त; आमच्या शाळेच्या भाषेत, प्रोसिडिंग.

आता गंमत पाहा. नोटेवर गव्हर्नरांची सही असते आणि सहीच्या वर वचन असते : धारकास इतके रुपये देण्याचे वचन. हे वचन मोडायचे तर कसे मोडायचे, तेही कायद्यात लिहिलेले आहे. रिझर्व्ह बँक कायदा १९३४ चा. त्याचे कलम २६, पोटकलम २. बँकेच्या केंद्रीय संचालक मंडळाने शिफारस करावी, आणि त्या शिफारशीवरून केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढावी. म्हणजे नोट रद्द करण्याचा हुकूम सरकारचा. पण त्याआधी मंडळाचा होकार हवा.

हे मंडळ कोणाचे? कायद्याप्रमाणे त्यावर एकवीस जण असू शकतात : गव्हर्नर, चार डेप्युटी गव्हर्नर, चार स्थानिक मंडळांचे प्रत्येकी एक असे चार, सरकारने नेमलेले निरनिराळ्या क्षेत्रांतले दहा, आणि सरकारचे दोन अधिकारी. त्या नोव्हेंबरात यांतल्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या होत्या. मंडळावर दहा जण होते, आणि बैठकीला आले आठ. आमच्या ग्रामसभेला गणपूर्ती नसली तर गावकरी ओरडतात. पण तो मुद्दा मी सोडून देतो.

बँकेचे मुख्य कार्यालय मुंबईत. पण ही बैठक नवी दिल्लीत भरली. मंडळाची ही ५६१ वी बैठक. तारीख ८ नोव्हेंबर, वेळ सायंकाळी साडेपाच. सरकारचे पत्र आदल्या दिवशी, ७ नोव्हेंबरला आले होते. बैठक सुरू झाल्यापासून घोषणा होईपर्यंत अडीच तास. देशात फिरणाऱ्या चलनातले किमतीने सुमारे ८६ टक्के चलन रद्द करायचे, आणि त्यासाठी अडीच तास! आमच्याकडे मुलगी दाखवायच्या कार्यक्रमालाही यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तिथे तर नुसते पोहेच खायचे असतात.

त्या बैठकीचे इतिवृत्त लोकांना २०१९ च्या मार्चपर्यंत पाहायला मिळाले नाही. माहितीच्या अधिकारात विचारणाऱ्यांना आधी नकार मिळाला होता. अखेर इतिवृत्त बाहेर आले तेव्हा मी ते वर्तमानपत्रांतून वाचले, आणि खरे सांगतो, थक्क झालो. मला वाटले होते की आठ जणांनी माना डोलावल्या असतील. तसे नव्हते. मंडळाने प्रश्न ओळखले होते आणि नेमके ओळखले होते.

सरकारचे म्हणणे होते की पाच वर्षांत अर्थव्यवस्था ३० टक्क्यांनी वाढली, पण पाचशेच्या नोटा ७६ टक्क्यांनी आणि हजाराच्या १०९ टक्क्यांनी वाढल्या. मंडळाने नोंदले की पहिला आकडा महागाई वजा केलेला आहे आणि दुसरे आकडे वजा न केलेले. तेव्हा ही तुलना शिफारशीला पुरेसा आधार देत नाही. चौथीच्या वर्गात आम्ही हेच शिकवतो : मण आणि शेर एका रकान्यात मांडून बेरीज करू नये. काळा पैसा बहुतांशी रोख रकमेत नसून सोने, जमीनजुमला यांत असतो, आणि त्यावर या उपायाचा फारसा परिणाम होणार नाही, हेही मंडळाने नोंदले. खोट्या नोटा ४०० कोटींच्या. एकूण चलनाच्या मानाने ती रक्कम फार मोठी नाही, हेही नोंदले. त्या वर्षीच्या उत्पन्नवाढीला काही काळ फटका बसेल, हे नोंदले. लांबून आलेला प्रवासी स्टेशनात उतरेल तेव्हा त्याच्याजवळ टॅक्सीवाल्याला आणि हमालाला द्यायला चालणारी नोट नसेल, इतका बारीक विचारसुद्धा त्यात आहे.

आणि हे सगळे लिहून झाल्यावर खाली काय? शिफारस!

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी वकिली करतो आहे असे होईल. त्याच इतिवृत्तात लिहिले आहे की, सरकार आणि बँक यांच्यात सहा महिने चर्चा चालू होती आणि बहुतेक मुद्द्यांचा विचार त्यात झाला होता, असे आश्वासन मंडळाला देण्यात आले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २ जानेवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी निर्णयाची पद्धत कायदेशीर ठरवली. एकट्या न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना यांनी वेगळे मत लिहिले. त्यांच्या मते बँकेने स्वतंत्र बुद्धीने विचार केल्याचे कागदांवरून दिसत नाही, आणि सारा व्यवहार चोवीस तासांत उरकला गेला. चौघांचा निकाल तोच कायदा, आणि तो मला मान्य आहे. पण कायद्याला जे चालते ते सगळेच शोभते असे नाही. नाहीतर सासरच्या माणसांशी कसे वागावे याचेही कलम निघाले असते.

आता माझ्या स्वतःच्या पापाची कथा सांगतो. कारण तिच्यावाचून मला हे लिहिण्याचा अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या समितीवर शिक्षकांचा प्रतिनिधी होतो. एका संध्याकाळी शिपाई प्रोसिडिंगचे रजिस्टर घेऊन घरी आला. पान कोरे होते. "सही करा गुरुजी, मजकूर मागून लिहू," असा निरोप. मी सही केली. जेवण वाढलेले होते, आणि खरे म्हणजे मला वाईटपणा घ्यायचा नव्हता. चार दिवसांनी कळले की त्या सहीच्या वर एक ठराव उमटला आहे : शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंना कमी करण्यात येत आहे, ठराव सर्वानुमते मंजूर. अकरा वर्षे त्या चुलीपुढे बसल्या होत्या. रस्त्यात भेटल्या तेव्हा रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. एवढेच विचारले, "गुरजी, तुमी बी व्हय म्हनलाव का?"

मी काय उत्तर देणार? हो म्हटले नव्हते हे खरे. पण नाही म्हटले नव्हते हेही खरे. 'सर्वानुमते' या शब्दात माझे दोन्ही खरे बुडून गेले होते.

माझी सही कोऱ्या पानावर होती. दिल्लीतल्या आठ जणांपुढे पान भरलेले होते. इतकेच नव्हे, तर आक्षेप त्यांनीच मांडले होते. म्हणून माझा प्रश्न अधिक टोचणारा आहे. आक्षेप कोणाचा होता? आश्वासनावर कोणाचे समाधान झाले, आणि कोणाचे झाले नाही? वाचणाऱ्याला दिसते ते एकच नाव : मंडळ. मंडळ या प्राण्याला तोंड नसते, म्हणून त्याला रस्त्यात गाठून कोणी विचारू शकत नाही की बाबा, तूही हो म्हणालास का?

कोणी म्हणतील, गुप्तता पाळणे भाग होते. चार दिवस आधी बोभाटा झाला असता तर साठेबाजांचे फावले असते. अगदी कबूल. पण ती गुप्तता रात्री आठ वाजेपर्यंतची. लग्न लागून गेल्यावर मुहूर्त कोणापासून लपवायचा? इतिवृत्तावर गव्हर्नरांची सही १५ डिसेंबर २०१६ ला झाली, आणि लोकांना ते दिसायला त्यानंतर सव्वादोन वर्षे लागली. दरम्यान बँकेनेच आपल्या अहवालात सांगितले की रद्द झालेल्या १५ लाख ४१ हजार कोटींपैकी १५ लाख ३१ हजार कोटी रुपयांच्या नोटा परत आल्या. शंभरातल्या नव्याण्णवांहून अधिक. काळा पैसा बहुतांशी रोख रकमेत नसतो, हे मंडळाने ८ नोव्हेंबरच्या संध्याकाळीच लिहून ठेवले होते. लोकांना ते वेळीच कळते तर वाद निदान शहाणपणाने झाला असता.

आमच्या भागाची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मराठवाड्यात पुष्कळ खेड्यांत शेतकऱ्याची बँक म्हणजे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक. पीककर्ज तिथले, अनुदान तिथले. १४ नोव्हेंबर २०१६ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने या जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला आणि बदलून द्यायला मनाई केली. दिवस कसले? कापूस घरात आलेला, सोयाबीन विकलेले, रब्बीची पेरणी चालू. पहिल्या चार दिवसांत या बँकांनी ज्या नोटा घेतल्या, त्या रिझर्व्ह बँकेत भरण्याची मोकळीक सरकारने दिली ती २०१७ च्या जूनमध्ये. स्टेशनावरचा हमाल बैठकीत आठवला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण खेड्यातली बँक आठवली ती सहा दिवसांनी, आणि तीही दार लावून घेण्यासाठी.

ताडकळस निजामाच्या राज्यातले गाव. आजोबांच्या तोंडी अखेरपर्यंत 'हाली' आणि 'कलदार' हे शब्द होते. सात हाली रुपयांना सहा कलदार, हा हिशेब ते बोटांवर करीत. १९४८ साली राज्य गेले. पण हाली शिक्का १९५९ पर्यंत कलदाराच्या शेजारी चालत राहिला. तिथे काळ्या पैशाचा प्रश्न नव्हता, म्हणून ही तुलना मी ताणत नाही. एवढेच म्हणतो की जुने नाणे काढून घेताना खेड्यापर्यंत खबर पोहोचायला किती दिवस लागतात, याचे भान तेव्हा कोणाला तरी होते.

नोटा याआधीही दोनदा रद्द झाल्या होत्या : जानेवारी १९४६ मध्ये आणि जानेवारी १९७८ मध्ये. दोन्ही वेळा वटहुकूम काढून, म्हणजे सरकारने स्वतःच्या नावावर. पहिल्या वेळी गव्हर्नर होते महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख, या पदावरचे पहिले भारतीय. दुसऱ्या वेळी होते आय. जी. पटेल. अशा उपायाने फारसे काही साधत नाही, असे आपण अर्थमंत्र्यांना तोंडावर सांगितल्याचे पटेलांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. सरकारने तरीही केले. आणि जबाबदारी सरकारची राहिली. चिंतामणरावांनी पुढे १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले, हे मराठी माणसाला सांगायला नको. खुर्चीवरून उठता येते हे ज्याला ठाऊक असते, त्याच्याच बसण्याला किंमत असते.

मग माझे मागणे काय? ते फार मोठे नाही. त्याच २०१६ साली, त्याच बँकेत, पतधोरण समिती बसली. सहा जणांची समिती. कायद्याने तिला सांगितले की बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध करा. कोणी कोणते मत दिले आणि का दिले, हे नावानिशी छापा. ऑक्टोबरात तिची पहिली बैठक झाली आणि व्याजाचा दर साडेसहावरून सव्वासहा झाला. पाव टक्क्यासाठी सहा नावे आणि सहा कारणे! मग घराघरातल्या डब्यातली नोट रद्द करणाऱ्या शिफारशीसाठी कायद्याने अशी मुदत का घालू नये? कलम २६ खाली मंडळाने शिफारस केली की चौदाव्या दिवशी प्रत्येक संचालकाचे मत नावानिशी लोकांपुढे यावे. ज्याला पटले त्याने का पटले ते लिहावे. ज्याला पटले नाही त्याने तसे लिहावे. एकाच ओळीची दुरुस्ती पुरेल.

आणि वाचकहो, दिल्लीपर्यंत पोहोचायच्या आधी हे मागणे आपल्या उंबऱ्यावर थांबते. तुमच्यापैकी कोणी पतसंस्थेवर असेल, कोणी सोसायटीच्या कमिटीवर, कोणी देवस्थानच्या विश्वस्तांत, कोणी माझ्यासारखा शाळेच्या समितीवर. रजिस्टर घरी येईल. ताट वाढलेले असेल. शिपाई दारात ताटकळत असेल. त्या वेळी ताट निवू द्या, पण पान वाचा.

खिचडीवाल्या बाईंची माफी मी मागितली आहे. त्यांनी ती दिली की नाही, मला कळले नाही. त्या नुसत्या "बसा" म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. लक्ष्मीपूजनाला दरवर्षी आमच्याकडे एक कोरी वही मांडतात, तिच्यावर हळदकुंकू वाहतात. ती पाहिली की मला ते पान आठवते. कोरी वही पूजेला जरूर मांडावी. सहीला मांडू नये.