समुद्रतळाची खतावणी

बँकेच्या नोकरीत शाखा-तपासणीला गेलो की मी आधी जुन्या खतावण्या मागवीत असे. मॅनेजर गोड बोलतो, चहा पाजतो. खतावणी मात्र जे घडले तेवढेच सांगते. आणि एखादे पान गायब असेल, तर त्याच्याइतके बोलके दुसरे काही नसते.

निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले की समुद्रानेही अशी खतावणी ठेवली आहे. ती लिहिणारे कारकून वाळूच्या कणाएवढे. फोरामिनिफेरा हे त्यांचे नाव. हे एकपेशीय जीव पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेटचे कवच घडवतात; शिंपल्यात असते तेच हे द्रव्य. जीव मेला की कवच तळाशी जाते. हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर थर साचतो.

या कवचांतला ऑक्सिजन दोन तऱ्हेचा, हलका आणि जड. वाफ होताना हलक्या ऑक्सिजनचे पाणी अधिक उडते. हिमयुगात ते बर्फ होऊन जमिनीवर अडकते, समुद्रात जडाचे प्रमाण वाढते आणि कवचात त्याची नोंद होते. थंड पाण्यानेही कवचातला जड ऑक्सिजन वाढतो. १९५५ साली चेझारे एमिलियानी यांनी या नोंदी वाचून दाखवले की हिमयुगे चारच झाली ही समजूत खरी नाही. ती कितीतरी अधिक होती. आपल्या मोसमी वाऱ्यांचा जुना जोरही अरबी समुद्रातल्या अशाच कवचांवरून ताडता येतो.

पण मला चटका लावून गेले ते गायब पान. २००३ साली ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजाने नामिबियाच्या पश्चिमेला, वॉल्व्हिस या सागरी डोंगररांगेवर छिद्रे पाडून गाळाचे लांब दंडगोल वर काढले. फिकट, चुनकट गाळात मध्येच तांबूस तपकिरी मातीचा पट्टा निघाला. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्यात चुना जवळजवळ नाहीच. त्या काळी हवेत आणि समुद्रात कार्बनचा प्रचंड लोट आला, पृथ्वी ५ अंशांहून अधिक तापली, पाणी आम्लतेकडे झुकले आणि तळावरची कवचे विरघळून गेली. पुन्हा चुना नीट साचू लागायला लाखभर वर्षे लागली.

हे पटत नसेल तर अंडे एक-दोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवून पाहा. मी नातवाबरोबर हा प्रयोग केला. शेवटी कवच गायब, हातात फक्त लिबलिबीत अंडे. “आजोबा, समुद्राचं पण असं होईल?” त्याने विचारले.

काय सांगणार? आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो, आणि आपण तो त्या जुन्या लोटापेक्षा कितीतरी वेगाने सोडत आहोत. मी स्वतः शेकडो वाहनकर्जांवर सह्या केल्या. धुराचा विचार एकदाही मनात आला नाही. खतावणी वाचणाऱ्या त्या जहाजाची वैज्ञानिक सफरही २०२४ मध्ये संपली, खर्च परवडेना.

समुद्र शेवटी हिशेब जुळवतोच. फक्त मुदत मागतो लाखभर वर्षांची. एवढ्या मुदतीचे कर्ज मी उभ्या नोकरीत कुणालाही मंजूर केले नव्हते.