सात आठे छप्पन्न आणि कोथिंबिरीचा भाव

सात आठे किती, असे कुणी झोपेतून उठवून विचारले तरी आपण 'छप्पन्न' म्हणून मोकळे होतो. सात-सातच्या आठ ओळी मांडून कुणी मोजीत बसत नाही. लहानपणी एकदा पाठ केले, त्यावर आयुष्य निघते. पण कोथिंबिरीची जुडी कितीला, असे विचारल्यावर कुणी गेल्या श्रावणातला भाव सांगू लागला, तर घरातली मंडळी त्याला पुन्हा मंडईत धाडायची नाहीत. दोन्ही उत्तरे आठवणीतलीच. पण एक कधी शिळे होत नाही आणि दुसरे संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

हा दाखला माझा नव्हे, माझ्या पुतणीचा. ती पुण्याला संगणकाचे प्रोग्राम लिहिते. मागे एकदा घरी आली, तेव्हा मी सहज विचारले, "हल्ली काम काय करतेस?"

"काका, सध्या कॅश सांभाळते."

मला वाटले, पोरगी बँकेत लागली!

तिची कॅश निराळी. लपवून ठेवणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेली. डाळीच्या डब्यात आई नोट ठेवीत असे, ती दोन्ही अर्थांनी कॅशच म्हणायची. संगणकाला दूरच्या भांडारातून उत्तर आणायला वेळ लागतो. म्हणून एकदा आणलेले उत्तर तो आपल्या स्मृतीत हाताशी ठेवतो. मोठ्या पण संथ स्मृतीच्या दिमतीला छोटी, चपळ स्मृती द्यावी, ही कल्पना केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली मांडली. १९६८ मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या ३६०/८५ या यंत्रात ती होती, आणि कॅश हे नाव रूढ झाले. त्याच वर्षी एडिंबरोच्या डोनल्ड मिची यांनी सुचवले की, प्रोग्राममधल्या फलनानेही आपली उत्तरे टिपून ठेवावीत. तोच प्रश्न पुन्हा आला तर पुन्हा डोके शिणवू नये.

"मग अडचण कुठे आली?"

"फलन पाढ्यातले की मंडईतले, हे त्याच्या तोंडावरून कळत नाही, तिथे."

मला याचा अनुभव होता. गेल्या पावसाळ्यात सौ.ला दम्याने घेरले आणि घरातला पंप संपत आला. एका औषधाच्या दुकानाच्या ॲपवर तोच पंप 'शिल्लक आहे' असे दिसले. भर पावसात रिक्षा करून गेलो. दुकानदार म्हणाला, "शेवटचा सकाळीच गेला की!" सकाळी खरे असलेले उत्तर मला दुपारी ताजे म्हणून मिळाले होते. तिसऱ्या दुकानात पंप मिळाला. पण तोवर ती खिडकीशी बसून एकेक श्वास मोजून घेत होती.

मी हे सांगितल्यावर पुतणी गंभीर झाली. म्हणाली, "म्हणूनच आम्ही फलनावर शिक्का मारतो."

फंक्शनल म्हणतात त्या पद्धतीत शुद्ध फलनाचा मान मोठा. त्याच प्रश्नाला ते नेहमी तेच उत्तर देते आणि बाहेरच्या जगात ढवळाढवळ करीत नाही. असले उत्तर जन्मभर जपून ठेवावे. पण घड्याळात किती वाजले, दुकानात माल किती उरला, हे जगालाच विचारावे लागते. फलन काय देते याबरोबरच ते वाटेत काय करते, हेही त्याच्या प्रकारातच लिहावे, असे जॉन ल्युकासन आणि डेव्हिड गिफर्ड यांनी १९८८ सालच्या निबंधात मांडले. याला इफेक्ट सिस्टिम म्हणतात. १९९० मध्ये आलेल्या हॅस्केल भाषेत जगाशी बोलणाऱ्या फलनाच्या कपाळावर आज 'आयओ' असा शिक्का असतो. पुतणीची भाषा स्कॅला. ती अशी सक्ती करीत नाही. तिथे कॅट्स इफेक्टसारखी लायब्ररी घ्यायची आणि शिस्त आपली आपण पाळायची.

"आता गंमत ऐका," ती म्हणाली. "शिक्क्याचे फलन बोलावले की उत्तर मिळत नाही. मिळते ती उत्तर आणण्याची कृती."

"म्हणजे चकलीऐवजी चकलीची कृती?"

"अगदी तेच! नवशिका ती कृतीच डब्यात ठेवतो आणि समजतो, झाली साठवण. भूक लागली की पुन्हा कढई चढवायची!"

त्यावर कॅट्स इफेक्टमध्ये 'मेमोइझ' नावाची सोय आहे. ती चकलीची कृती घेते आणि कृतीच्या पोटात कृती देते. बाहेरची कृती रिकामा डबा मांडते. आतली कृती डब्यात पाहते. चकली असेल तर ती देते, नसेल तर तळून डब्यात टाकते आणि मग देते. बाहेरची कृती एकदाच चालवायची. दर वेळी चालवली तर दर वेळी नवा रिकामा डबा! डबा मांडणे हेदेखील जगात काहीतरी करणेच, म्हणून त्यावरही शिक्का. त्यामुळे डबा कुठे मांडला आणि तो कुणाकुणात सामायिक, हे लपून राहत नाही.

"पण हा डबा एकाच पदार्थाचा आणि त्याला मुदत नाही," ती म्हणाली. "तुमच्या पंपाला मुदतीचा डबा हवा."

तसा डबा झेडआयओ या दुसऱ्या लायब्ररीत मिळतो. त्याला तीन गोष्टी सांगाव्या लागतात: उत्तर आणायचे कसे, किती उत्तरे ठेवायची आणि किती वेळ. जागा भरली की बराच काळ कुणी न विचारलेले उत्तर बाहेर काढले जाते. समजा, १०० जणांनी एकाच क्षणी एकच प्रश्न विचारला आणि उत्तर डब्यात नाही. तर भांडाराकडे एकच फेरी होते. बाकीचे ९९ जण थांबतात आणि तेच उत्तर सर्वांना मिळते. शिवाय काय उत्तर आले ते पाहून मुदत ठरवता येते. 'माल आहे' हे दोन मिनिटे ठेवावे; 'भांडाराशी बोलणे झाले नाही' हे क्षणभरही ठेवू नये.

"आणि ती दोन मिनिटे कोण ठरवते? भाषा?"

"छे! ते माणसानेच ठरवायचे. पंप हवा असलेला माणूस किती जुन्या उत्तरावर विसंबून पावसात बाहेर पडेल, हे कंपायलरला कुठून कळणार? शिक्का पाहून लिहिणाऱ्याला एवढे उमगते की, हा प्रश्न विचारायलाच हवा."

मला तिचे पटले. शिक्क्याने उत्तर ताजे होत नाही. मुदत चुकीची घातली तर शिक्कामोर्तब झालेले शिळे उत्तर मिळेल, एवढेच. पण हे उत्तर जगाला विचारून आणले आहे, याची आठवण कुणीतरी जागी ठेवतो, आणि पुढची काळजी तिथूनच सुरू होते.

ती काळजी शेवटी गिऱ्हाइकापर्यंत पोहोचायला हवी. त्या ॲपवर 'शिल्लक आहे' याच्या शेजारी 'सकाळी नऊची माहिती' एवढे तीन शब्द असते, तर मी रिक्षा बोलावण्याआधी दुकानाला फोन केला असता.