गंमतगणित : झोळीत काय भराल?

दोस्तहो, २०११ साली आलेला ‘स्कायरिम’ हा व्हिडिओ गेम आहे मोठ्यांचा. पण त्यातलं गणित मात्र आपलं! त्यातला वीर गुहांमधून खजिना गोळा करतो. सुरुवातीला त्याला ३०० एवढंच वजन पेलतं. त्याहून जास्त झालं, की पळणं बंद! मग शत्रू मागे लागला तर?

म्हणून काय उचलायचं, ते नीट ठरवायला हवं. लोखंडी चिलखताची मूळ किंमत १२५ मोहरा, सोन्याच्या अंगठीची ७५. तुम्ही म्हणाल, “चिलखतच घेऊ!” थांबा! चिलखताचं वजन ३०, अंगठीचं फक्त पाव. आता किमतीला वजनानं भागा. चिलखत : जेमतेम ४. अंगठी : तब्बल ३००! कळली ना गंमत?

पण एक मेख आहे. खेळातल्या दुकानदाराकडेही मोहरा मोजक्याच असतात. म्हणजे भागाकारानंतर बाजारही बघायला हवा.

आता तुमची पाळी. लोखंडी घण : किंमत ५५, वजन २४. कट्यार : किंमत १०, वजन २. झोळीत एकाचीच जागा उरलीय. आधी आईबाबांना अंदाज विचारा, मग भागाकार करा. बघू या, कोण चुकतं ते!